गमबूट घातलेल्या डॉक्टरीणबाई

माझी मुलगी महिन्याची होती. माझी छाती सुजून ताप चढला होता आणि सासरी सगळे म्हणत होते, अंगावर पाजणं बंद कर. शेवटी तिला मांडीवर घेऊन मी स्वारगेटहून कोथरूडच्या बसमध्ये बसले, आईकडे जायला.

शेजारच्या बाई पन्नाशीच्या, पायात चक्क गमबूट. फोनवर बोलत होत्या, तेही ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात. "सूज आहे, ताप आहे, म्हणजे अंगातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतायत. त्यांना मदत करा. दूध काढत राहा, तुंबू देऊ नका. मी येतेच. आणि तिच्यावर ओरडू नका हो, घाबरली की पान्हा सुटत नाही."

माझे डोळेच भरून आले. इतकं समजून बोलणारं मला कुणी भेटलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी हळूच विचारलं, "डॉक्टर, तुमचा दवाखाना कुठे आहे? मलाही अगदी हेच होतंय."

"अहो, मी गाईबद्दल बोलत होते. मी गुरांची डॉक्टर आहे."

पुढच्या सीटवरचे काका खोकल्याच्या निमित्ताने हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दुखणं तेच आहे. फक्त गाय लाजत नाही. आजच्या आज माणसांच्या डॉक्टरांकडे जा."

उतरल्यावर मी आधी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाजत राहायला सांगितलं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "दोन-दोन डॉक्टरांचं हेच मत आहे."