उत्तररंगाला बसलेली अक्का

दुपारी जेवण झाल्यावर मी शिलाई मशीनवरच डोकं टेकते. पाच मिनिटं, मग लगेच गुळवण्यांच्या लग्नाचे ब्लाउज. डोळे मिटतात, पण पाय पायडलवर चालूच राहतो. कापड नाही, दोरा नाही, नुसती खडखड. मग लक्षात येतं, तो पाय माझा नाही.

"सरक जरा, पमे," अक्का म्हणते.

वत्सलाअक्का, माझी थोरली बहीण. गेल्या माघात याच मशीनवर बसल्या बसल्या गेली. तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, तिची घाईसुद्धा.

मी सरकते तर खाली गार फरशी. घाटावरच्या राममंदिराचा सभामंडप. कीर्तन चाललंय, बुवांचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येतो. पुढे बसलेल्या बायकांनी मी शिवलेले ब्लाउज घातलेत. कुणाला एकच बाही, कुणाच्या पाठीवर कच्चे टाके. एकेकजण मागे वळून विचारते, "आमचं झालं का?"

अक्का मांडी घालून बसलीय. हातात काही नाही, तरी बोटं हातशिलाई करताहेत.

"अगं, आता तरी थांब की."

"मी थांबवते गं. बोटंच थांबत नाहीत." ती हसते. "तू मोठी कीर्तनवेडी. वाढलेलं पान टाकून पळायचीस. एक सांग मला, उत्तररंगात काय सांगतात?"

पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग जरा विसावा, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग उत्तररंगात गोष्ट. त्या विसाव्याला अक्का हमखास उठायची. "दोन गळे राहिलेत," म्हणत चपला शोधायची.

"जन्मभर नुसता उपदेश ऐकला बघ. गोष्ट एकसुद्धा नाही. देव कुणाकडे जेवला, कुणाचं भलं झालं, काही माहीत नाही मला. सांग ना एखादी."

मला तर ढीगभर येतात. मी तोंड उघडते आणि म्हणते, "छाती छत्तीस. बाही साडेनऊ. मागचा गळा खोल."

पुन्हा प्रयत्न करते. "कंबर तीस."

अक्काचं हसू मावळतं. "पमे, तूही मधेच उठायला लागलीस?"

मी मान खाली घालते. माझीही बोटं मांडीवर टाके घालू लागली आहेत.

पूर्वरंग संपतो. नामाचा गजर उठतो आणि बायका सगळ्या एकदम वळतात. आता त्यांना चेहरे नाहीत, नुसते मी कापलेले गळे. झालं का, झालं का. सभामंडप आमच्या बोळाएवढा अरुंद होत जातो. टोकाला मशीन, त्याचं चाक आपोआप फिरतंय. अक्का उठते. मीही उठते, कारण पाय उठतातच.

"तू बस," अक्का म्हणते. "मी जाते. मला सवय आहे."

"तू गेलीस तर मीही येणार. माघापासून तेच चाललंय."

"अगं, खोळंबल्यात त्या!"

"खोळंबू देत. देव थांबतो आपल्यासाठी, या कोण लागून गेल्या?"

मी तिचा हात धरते. गार, आणि आत टाके चालूच. मग ती दुसरा हात तोंडाशी नेते आणि न दिसणारा दोरा दातांनी कट्कन तोडते.

चाक थांबतं. तिची बोटं थांबतात, मग माझी. लहानपणी एका पोत्यावर बसायचो तशा आम्ही बसतो, गुडघ्याला गुडघा लावून. बुवा पुन्हा उभे राहतात, झांज वाजते.

"एक नावाडी होता..."

"मग?" अक्का कुजबुजते.

"गप. ऐक."

"पमाताई, झालं का हो?"

दारात गुळवणीवहिनी उभ्या आहेत. त्यांना चेहरा आहे, घामेजलेला. ऊन उतरलंय. बसा, पाचच मिनिटं, असं अगदी ओठांवर येतं माझ्या.

"नाही झालं, वहिनी. उद्या संध्याकाळी देते."

"उद्या? अहो, आज रात्री बसला असतात तर..."

"आज कीर्तनाला बसायचंय. शेवटपर्यंत."

त्या काहीतरी पुटपुटत जातात. मी मशीनकडे बघते. त्याला लाल रीळ लावलेलं आहे. माझ्या तळहातावर पांढरा दोरा पडलाय, बोटभर. एक टोक चपटं, चावलेलं, अजून ओलं.