पटाकडे पाठ

धानाची कापणी आटोपली की आमच्या मुर्रीत बैलांच्या शर्यतीचा पट भरायचा. सोमाकाका सगळ्यांच्या आधी बांधावर येऊन बसायचे, पण शर्यतीकडे पाठ करून. नुसत्या खुरांच्या आवाजावरून कोणती जोडी पुढे ते सांगायचे आणि चुकायचे नाहीत. नवखे लोक हसायचे. मला अजून राग येतो, पण तो हसणाऱ्यांचा नव्हे.

काका आमचे शेजारी. गावच्या मालगुजारांनी त्यांना खास पटाची जोडी हाकायला ठेवलं होतं. चाबूक त्यांनी कधी हातात धरला नाही. 'चाल बापा' म्हटलं की चांद्या आणि पाखऱ्या सुटायचे. काकू करवादायची, "घरचं धान पडून आहे न तुमी बैलायले तेल लावून राहिले."

"धान रुसते का?" काका म्हणायचे. "बैल रुसला तं कोण समजावते?"

एका वर्षी मालगुजारांनी मुलीची सोयरीक देवरीकडच्या बड्या घरी जमवली. पटाच्या सकाळी ते काकांना म्हणाले, "सोमा, यंदा व्याह्याची जोडी जिकू दे. तुह्यावर बोल येऊ देणार नाही मी." काका हो म्हणाले. जोडी अर्ध्या वाटेवर पुढे असताना पुन्हा त्यांनी 'हो' म्हटलं, या वेळी बैलांना. चाऱ्यापाशी थांबवायचा तो शब्द. बैल जागच्या जागी थांबले.

लोकांनी हुर्यो केली. मालगुजार व्याह्यांना पान देत हसले. "पिऊन आला असल. आजपासून काढला त्याले." थेंबालाही न शिवणारे काका, मालक आपल्याकडे एकदा तरी बघतील म्हणून उभेच राहिले. मालकांनी बघितलं नाही. असला नीचपणा मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी जोडी दुसऱ्याच्या हाती होती आणि काका पहिल्यांदाच पाठ करून बसले. बैल त्याच जागी आले आणि आपोआप थांबले. चाबकाचे फटके वाजू लागले. प्रत्येक फटक्याला काकांचे खांदे आखडत होते.

मालगुजार स्वतः बांधावर आले. "झालं ते इसर, सोमा. चाल, तूच हाक."

काका हलले नाहीत.

"काऊन पाठ करून बसला? इकडे तं पाह्य."

"तुमच्याकडे पाह्यीन, मालक," काका म्हणाले. "त्यायच्याकडे कसा पाहू? त्यायले वाटते, मी आजबी 'हो' म्हणून राहिलो."