दस्तगीर थांबला!

सायकल शर्यतीत माणसं खाली मान घालून पायडल मारतात. आमचा दस्तगीर मुलाणी मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाला रामराम घालायचा. बांधावरच्या एखाद्या म्हातारीनं "कुठं निघालास रं?" असं विचारलं, की हा सगळ्यांच्या पुढे असतानाही मान वळवून सांगणार, "सांगलीला, मावशे! तुझं कसं हाय?" म्हातारीचं उत्तर ऐकायला मात्र मागून धापा टाकत येणारा मी असायचो.

सत्तरच्या दशकात सातारा-सांगली शर्यतीत आम्ही दोघंही उतरायचो. तो जिंकायला, मी पोचायला. मैदानावरच्या गोल शर्यतीही तो मारायचा, पण त्यात त्याचा जीव रमत नसे. "त्योच खांब पुना पुना दिसतो. मानूस भेटत न्हाई गड्या," म्हणायचा. ध्यास एकच, महाराष्ट्राच्या संघात जायचं. आणि एका वर्षी जाहीर झालं, या शर्यतीत पहिला येईल त्याला संघात घेणार.

त्याचं गाव पेठ नाक्याच्या अलीकडे, ऐन रस्त्यावर. दस्तगीर भलताच पुढे आहे ही बातमी गावात आधीच पोचलेली. पुढे आहे म्हणजे जिंकलाच, असा गावाचा समज. मी पोचलो तेव्हा हलगी कडाडत होती, दस्तगीर गुलालात न्हाला होता आणि गावचे सरपंच आबा भर रस्त्यात त्याला फेटा बांधत होते.

"आवं आबा, सांगली अजून लांब हाय!" तो काकुळतीला आला होता.

"आसू दे की. गडबड कशाला?" म्हणत आबांनी निवांत तुरा काढला. तेवढ्यात मागून आलेले दोन सायकलवाले पुढे सटकले. एक हार माझ्याही गळ्यात पडला.

दस्तगीर तिसरा आला, फेट्यासकट. संघ हुकला. मी गावाला शिव्या घातल्या, तर म्हणाला, "आबाचा हात झटकून पळू व्हय? परत कोनत्या तोंडानं गावात येऊ?" पण त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या वर्षी तीच शर्यत, तीच अट. गाव आता शहाणं झालं होतं. आबांनी दवंडीच दिली: कुणी हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही, हलगी बंद. दस्तगीर सर्वांत पुढे होता आणि नशिबानं मीही त्याच्या मागच्या चाकाला चिकटून होतो. गाव आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारं गाव हात बांधून, माना खाली घालून उभं. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. पोरंसुद्धा गप्प.  दस्तगीरनं करकचून ब्रेक मारला.

"आबा, कोन गेलं?"

आबांनी नुसतं तोंडावर बोट ठेवलं. दस्तगीर पार घाबरला. "माझी अम्मा कुठं हाय?"

गर्दीतून त्याची आई तरातरा पुढे आली. "हाय मी जित्ती! तू पळ की मुडद्या, मागची आली बघ!"

तो असा सुटला की सांगलीपर्यंत मला त्याची पाठ दिसली नाही. मी पोचलो तेव्हा तो पहिला आलेला होता, संघात निवड पक्की झाली होती. फोटोवाले ताटकळत होते आणि हा सायकल वळवून उभा! "गाव वाट बघत आसंल. चल." माझे पाय गळून गेले होते. ट्रकनं जाऊ म्हटलं, तर ऐकेल तर शपथ.

परतलो तेव्हा दिवस कलला होता. गाव तसंच रस्त्यावर उभं. आबांचा हुकूम मोडणार कोण? कुणी काही विचारेना, नुसते सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. दस्तगीर उतरला.  मग हसू आणि रडू एकदमच फुटलं आणि तो ओरडला, "पयला आलोय! आता तरी बोला की रं!"