बाई डावीकडे का बसल्या?

"बाई डावीकडे बसून वाचतायत का?" वझे सरांनी फोनवर विचारलं.

वझे सर दृष्टिहीन आहेत, निवृत्त संगीत शिक्षक, दिल्लीत आर. के. पुरमला राहतात. अंध विद्यार्थ्यांसाठी ऑडिओ पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेत शेवटचं अप्रूव्हल त्यांचं. आमच्या फरीदाबादच्या स्टुडिओने एका बाईंच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं हे त्यांच्यासाठीचं पहिलंच पुस्तक. पास झालं तर पुढची कामं मिळणार होती.

"नाही सर. आवाज बरोबर मध्ये आहे. तुमचा हेडफोन एकदा बघा."

"दोन हेडफोन बघितले. मग उलटा घालून बघितला, तर बाई उजवीकडे गेल्या. म्हणजे दोष फाइलमध्येच आहे ना?"

मी म्हणालो, "सर, आमचा मॉनिटर कंट्रोलर मी स्वतः बनवलाय." जणू तेच उत्तर होतं.

मॉनिटर कंट्रोलर म्हणजे कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामधला डबा. आवाज कमी-जास्त करायचा, म्यूट करायचा. तयार डबा मिळतो, पण मी इंजिनिअर. दोन महिने रविवार घालवून, बोटं भाजून तो सोल्डर केला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचो. चहा नंतर.

दोन दिवसांनी सर स्वतःच आले. मी त्यांना स्पीकरसमोर बसवलं आणि रुबाबात आवाज मोठा ठेवून पहिला अध्याय लावला.

"इथेही डावीकडेच," सर म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

येत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा.

"काम करताना आवाज इतकाच असतो?"

"नाही, हळू असतो. दिवसभर मोठ्याने ऐकलं की कान थकतात."

"अच्छा. मग हळू करा."

मी आवाजाचा नॉब खाली आणला. बाई सरकत सरकत मध्ये येऊन बसल्या.

"बिल्कुल," सर म्हणाले. "तुमचा डबा आवाज नुसता कमी नाही करत, सरकवतोही."

त्या एका नॉबखाली दोन भाग असतात, एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. दोघांनी बरोबरीने उतरायला हवं. स्वस्त नॉबमध्ये अगदी खालच्या टोकाला ते जमत नाही. माझ्या नॉबचा डावा भाग आधीच दम सोडत होता, त्यामुळे हळू आवाजात बाई मला उजवीकडे वाटायच्या. मग मी त्यांना सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे ढकलायचो. ढकलल्याचा आकडा स्क्रीनवर स्पष्ट दिसत होता. पण मशीनपेक्षा माझा कान खरा, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

सर गेल्यावर मल्टिमीटर लावला. मोठ्या आवाजात दोन्ही बाजूंचे आकडे जुळत होते. खाली आणताच डावीकडचा धाडकन पडला. ही पाच मिनिटांची टेस्ट डबा बनवला त्याच दिवशी करायची असते. त्या दिवशी मी डब्याचे फोटो काढत होतो.

नॉब काढून तिथे स्टेप स्विच बसवला. त्यात प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंचे रेझिस्टर वेगळे असतात. एकेक मोजून जोड्या लावल्या. पहिल्यांदा दोन वायरींची अदलाबदल झाली आणि डावा स्पीकर गप्पच झाला. दुसऱ्यांदा जमलं. यावेळी प्रत्येक पायरीवर मीटर लावला, मगच झाकण बंद केलं.

सॉफ्टवेअरमधला ढकलल्याचा आकडा शून्यावर आणून बावीस अध्याय पुन्हा काढून पाठवले. आठवड्याने सरांचा फोन आला.

"आता बाई समोर बसल्या आहेत. मुलं परीक्षेसाठी हे तासन्‌तास ऐकणार. एकाच कानात कोणी इतका वेळ बोललं तर डोकं उठतं, म्हणून मागे लागलो. राग नाही ना आला?"

"पहिल्या फोनला आला होता," मी खरं ते सांगितलं.

पुस्तक पास झालं. पुढची दोन पुस्तकंही मिळाली. एवढं मात्र शिकलो: आपण बनवलेली वस्तू आपण एकट्याने तपासू नये. आपण तिला तपासत नाही, तिची वकिली करतो.