सात दशांशाला भूत नाही

फाइना मार्कोव्हनाला मॉस्कोतले गणितवाले ओळखत ते एकाच गोष्टीसाठी: बाई भर सभेत ‘नाही समजलं’ म्हणायला लाजत नाही.

दर सोमवारी संध्याकाळी अर्सेनी ल्वोविचच्या चर्चासत्राला अख्ख्या शहरातून माणसं यायची. तिथली एक रीत होती. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर कसोटीचा श्रोता बसवायचा. त्याला समजेपर्यंत वक्त्यानं पुढची ओळ लिहायची नाही. हे काम भल्याभल्यांना नको असायचं, कारण चारचौघांत आपल्याला कळत नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. फाइनाची रेटायची. दिवसभर रेल्वेच्या गणनकेंद्रात मालगाड्यांची वेळापत्रकं जुळवायची, बुटांवरचा बर्फ झटकून इथं यायचं, आणि मोठमोठ्या लोकांना घाम फोडायचा. वर्षानुवर्षं तिनं हेच केलं.

आज मात्र ती फळ्यापाशी उभी होती. व्याख्यान तिचं स्वतःचं होतं. मॉस्कोत तिचा प्रबंध दोनदा परत आला होता. कारण कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ज्यू आडनावाला कारण लागत नसे. आता विल्नियस विद्यापीठाचे लोक तो घ्यायला तयार झाले होते, पण अर्सेनी ल्वोविचनं शब्द टाकला तरच. आणि अर्सेनी ल्वोविच म्हणजे साक्षात जमदग्नी! पटल्याशिवाय सख्ख्या भावासाठीही शब्द टाकणारा माणूस नव्हे तो.

प्रश्न असा होता. वर्तुळ जागच्या जागी किंचित ताणण्याचे, सरकवण्याचे अनंत प्रकार असतात. त्या सगळ्यांचं मिळून एक बीजगणित होतं, आणि ते ज्या अवकाशावर काम करतं तोही अनंत मितींचा. भौतिकीवाल्यांना असे अवकाश हवे असतात, पण त्यांची अट एकच: आतल्या कुठल्याही सदिशाची लांबी ऋण निघता कामा नये. एक जरी तशी निघाली, की ते म्हणतात ‘यात भूत आहे’ आणि सगळा अवकाश टाकून देतात. प्रत्येक अवकाशाला एक आकडा असतो. एकाहून लहान आकड्यांपैकी बहुतेकांना भूत आहे हे अर्सेनी ल्वोविचनं स्वतः सिद्ध केलं होतं. त्याच्या चाळणीत उरले ते सुटे सुटे: अर्धा, सात दशांश, चार पंचमांश, असे पुढे. अर्ध्याला भूत नाही याची खात्री होती. बाकीच्यांचं कुणालाच माहीत नव्हतं. सात दशांशाला भूत नाही, एवढं फाइना आज दाखवणार होती.

“कसोटीला कोण?” अर्सेनी ल्वोविचनं विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

“तुम्हीच बसा की!” मागून गुर्गेन ओरडला. हा भौतिकीवाला आर्मेनियन, फाइनाचा जुना दोस्त, तोंडाचा फाटका. “का, भीती वाटते?”

अर्सेनी ल्वोविच उठला आणि त्या खुर्चीत जाऊन बसला.

“नाही समजलं,” तो लगेच म्हणाला.

“अहो, मी अजून तोंड उघडलं नाही!”

“तेच. लांबी मोजल्याशिवाय तुम्ही सिद्ध काय करणार?”

“मोजत बसलात तर जन्म जाईल,” फाइना म्हणाली. “आमच्या सामायिक घरात सात बिऱ्हाडं आहेत. सबंध घरात भूत नाही हे ठाऊक असेल, तर कोपऱ्यातल्या खोलीत कुठून येणार?”

लोक हसले. अर्सेनी ल्वोविच हसला नाही. “खोली दाखवा.”

मग तिनं दाखवली. दोन जुने, पारखलेले अवकाश घेतले, त्यांचा गुणाकार करून मोठं घर बांधलं. त्यात भूत नाही हे सगळ्यांना मान्य होतं. दोघांच्या स्वतंत्र हालचाली मिळवल्या, त्यातून त्यांची एकत्र हालचाल वजा केली. उरली ती नेमकी आपल्या बीजगणिताची हालचाल, त्याच घरात, एका खोलीत. मध्ये सतरा वेळा ‘नाही समजलं’ झालं. फाइना रागावली, खडू मोडला, पण हटली नाही.

राहिला फक्त आकडा. तोही तशाच वजाबाकीनं यायचा.

“पहिल्या अवकाशाचा दीड अधिक दुसऱ्याचा एक, अडीच. वजा एकत्र हालचालीचा तिसरा, तो तीन गुणिले तीन भागिले पाच, म्हणजे आठ पंचमांश. उरले...” तिनं लिहिलं आणि तिचा हात थांबला. नऊ दशांश.

गुर्गेननं कपाळावर हात मारला.

“नाही समजलं,” अर्सेनी ल्वोविच हळूच म्हणाला. “नऊ दशांशाला भूत आहे. ते मी सिद्ध केलंय, आणि तेव्हा याच खुर्चीत बसून तुम्ही मला महिनाभर छळलंत.”

अशा वेळी लोक फळा पुसत, माफी मागत आणि पुन्हा कधी दिसत नसत. गेलं विल्नियस, तिच्या मनात आलं. आणि मग तिचं डोकं सणकलं.

“माझ्या घरात भूत नाही!” ती ठणकावून म्हणाली. “तुमचाही पुरावा बरोबर आहे. म्हणजे चूक या चिल्लर आकडेमोडीत आहे.”

ती उलटी वाचत गेली. वजाबाकी ठीक. बेरीज ठीक. मग ती गर्रकन वळली.

“अर्सेनी ल्वोविच, तीन त्रिक किती?”

“नऊ. हे काय विचारणं झालं?”

“मी आठ लिहिलेत.”

क्षणभर कुणाला कळेना, आणि मग जो हशा उसळला! अनंत मिती सांभाळल्या बाईनं, आणि पाढ्यात घसरली! फाइना स्वतःच पोट धरून हसत होती. हसत हसतच तिनं आठ पुसून नऊ लिहिले. अडीच वजा नऊ पंचमांश. सात दशांश.

“आता दीडच्या जागी हेच वजा केलेले नऊ पंचमांश घ्या!” अर्सेनी ल्वोविच खुर्चीतून ताडकन उठला. “मजला चढवा!”

“पुरावा तोच,” फाइना म्हणाली, आणि तिचे डोळे विस्फारले. एवढ्या वर्षांत तिनं एकाच आकड्यावर जीव टांगला होता. “अक्षरही बदलायला नको.”

“चार पंचमांश!” गुर्गेन किंचाळला.

“सहा सप्तमांश!” कोपऱ्यातून कुणीतरी.

“पंचवीस अठ्ठाविसांश!” आता सगळी सभा उभी होती आणि प्रत्येक आकडा एका सुरात ओरडत होती. चाळणीत उरलेला एकेक आकडा ओळीनं येत गेला, एकही सुटला नाही. सगळ्यांत मोठा आवाज अर्सेनी ल्वोविचचा होता.

शेवटी त्यानं घाम पुसला. “विल्नियसला उद्या सकाळी मी फोन करतो. प्रबंधाला नाव काय दिलंय?”

“‘एका आकड्याच्या अवकाशाविषयी.’”

“बदला,” तो म्हणाला. “‘सर्व’ असं लिहा, फाइना मार्कोव्हना. बिनधास्त लिहा.”