नायकाला उजळ करा

"अजून ब्राइट कर," मिस्टर टॅन तिसऱ्यांदा म्हणाले. "फेस दिसायला पाहिजे, लाह."

फेस दिसत होता. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होता. फक्त तो काळा होता, आणि काळाच असायला हवा होता.

मोबाइलला अजून बटणं होती तेव्हाची ही गोष्ट. सिंगापूरच्या एका व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओत मी लायटिंग लीड होते, आणि बोलताना वाक्याला तिथला 'लाह' जोडणारे मिस्टर टॅन माझे बॉस. कॅमेऱ्याला जे टिपता येत नाही ते आम्ही कॉम्प्युटरवर बनवायचो. त्यात उजेड कुठून आणि किती यावा, हे ठरवायचं काम माझं. दिवा खोटा, पण खरा वाटला पाहिजे, एवढंच.

सिनेमा सुपरहिरोचा. नायक कृष्णवर्णीय. त्याच्या खापरपणजोबांना गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलेलं, आणि त्यांच्या गावाचा मुखवटा परक्या देशातल्या म्युझियममध्ये काचेआड. शेवटी नायक भर कोर्टात उभा राहतो, त्याचं चिलखत विरघळतं आणि उघड्या चेहऱ्याने तो खापरपणजोबांचं नाव घेऊन मुखवटा परत मागतो. हा शॉट आमच्याकडे होता. चिलखत विरघळताना दिसणारा चेहराही आम्हीच घडवलेला.

डायरेक्टर स्वतः कृष्णवर्णीय, पण तो संगीताच्या कामात अडकलेला. नोट्स, म्हणजे बदलाच्या सूचना, यायच्या प्रॉडक्शन ऑफिसकडून. या वेळचीही नोट तीच, चेहरा उजळ करा.

आमच्या टीममध्ये चिनी, मलाय, फिलिपिनो आणि आम्ही तिघं पुण्या-मुंबईचे. तोवर एकालाही त्या नोटमध्ये काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? सगळ्यांच्याच घरी गोरं म्हणजे छान.

"ताई, जरा उजळ केला की बघ कसा स्मार्ट दिसेल," माझा ज्युनिअर निखिल म्हणाला आणि त्याने करूनही दाखवलं. चेहरा राखाडी झाला. पीठ फासल्यासारखा.

माझं डोकंच फिरलं. मी सावळी. लग्न जमवताना फोटोवाल्याने मला अस्संच उजळवून दिलं होतं. बघायला आलेल्या मंडळींनी एकदा फोटो पाहिला, मग मला, मग पुन्हा फोटो. पोहे तसेच गार झाले. तो अपमान मला आजही आठवतो. इथे तर माणूस सगळ्या जगासमोर सांगतोय की मी अमक्याचा वंशज, आणि नेमक्या त्याच क्षणी आम्ही त्याचा रंग काढून घ्यायचा?

"कातडीला हात लावायचा नाही," मी निखिलला म्हटलं. "मागची भिंत काळोखी कर. आणि बाजूने मोठा, मऊ उजेड दे."

यात जादू काही नाही. गोऱ्या चेहऱ्यावर उजेड पसरतो, काळ्या त्वचेवर तो चमकतो. कपाळ, गालाची हाडं, नाकाची कड, सगळं त्या चमकेतून उठून येतं. मागे पांढरी भिंत ठेवली तर चेहरा बुडणारच. त्यात चेहऱ्याचा काय दोष?

मिस्टर टॅननी नवा शॉट पाहिला. "नोट अशी नव्हती."

"चेहरा दिसत नाही ही तक्रार होती ना? आता दिसतोय की नाही?"

"दिसतोय," त्यांनी कबूल केलं. "पण क्लायंट भडकला तर?"

"माझ्या नावाने पाठवा."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. रिमेंबर, हां."

विसरेन कशी? कॉन्ट्रॅक्ट गेलं की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहायचा परवानाच गेला, आणि नवरा आणि लेक दोघंही माझ्याच पासवर. सेम्बावांगच्या घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाठव तू. फार तर पुण्याला जाऊ." धीर यायचा सोडून मला रडूच आलं.

शॉट गेला. रिव्ह्यूच्या कॉलवर या वेळी डायरेक्टर स्वतः होता. प्रॉडक्शनचा माणूस सुरुवातीलाच म्हणाला, "आम्ही ब्राइट मागितला होता..."

"थांब जरा," डायरेक्टर म्हणाला. "पुन्हा लावा."

पुन्हा लावला.

"हा माझ्या मामासारखा दिसतोय," तो हळूच म्हणाला. "इतके महिने मी याला बघतोय, पण हा आमच्या घरातला वाटतच नव्हता. कोणी केलं हे?"

"हिने," मिस्टर टॅन म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, आम्ही सगळ्यांनी."

"मग बाकीचे शॉट असे का नाहीत?"

बाकीचे शॉट आम्हीच उजळवलेले होते, नोटबरहुकूम. डायरेक्टरने नायकाचे सगळे शॉट परत मागितले. एकूण एक.

कॉल संपल्यावर मिस्टर टॅन चष्मा पुसत म्हणाले, "कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करतोय. करावंच लागेल, लाह. एवढं काम दुसरं कोण निस्तरणार?"

निखिलने कपाळाला हात लावला. मग जुना पहिला शॉट उघडला आणि मी काही सांगायच्या आत भिंत काळोखी करायला घेतली.

काम बरोबर करून दाखवलं की तेच काम ढिगाने अंगावर पडतं, हा आमच्या धंद्याचा नियम. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. इतक्या आनंदाने दुसऱ्या कुठल्या कामात राबल्याचं मला आठवत नाही.