एक डोकं, दोन मशिनी

सोमवार, आठ सप्टेंबर. जीपमध्ये हजर: मी, माझा मुलगा अमोल, सातव्या महिन्यातली सून प्रियंका, आणि यादीत नाव नसताना पुढच्या सीटवर आधीच येऊन बसलेले माझे थोरले दीर. जळकोटहून सोलापूरला निघालो होतो.

कुठलीही दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत, असं या भाऊजींइतकं पक्कं मानणारा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. भाऊजींचा माणसांवर विश्वास आहे, देवावर आहे, हवामान खात्यावरसुद्धा थोडाफार आहे. काट्यावर आणि टेपवर मात्र अजिबात नाही. बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत शेतातला एक काळा गुळगुळीत दगड असतो. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी तो दगड चढतो. आकडा बघून भाऊजी त्याला त्याचा काटा किती पुढं किंवा मागं आहे ते सांगतात आणि मग त्या हिशेबानं वांगी घेतात. भाजीवाले आता चिडत नाहीत. नवा काटा आणला की काही जण दगड मागवून घेतात. एकदा मला ताप आला, तेव्हा आमचा थर्मामीटर खरा की शेजाऱ्यांचा हे ठरवायला त्यांनी दोन्ही थर्मामीटर घरातल्या सगळ्या निरोगी माणसांच्या काखेत फिरवले. निकाल लागेपर्यंत माझा ताप उतरला होता. त्याचं श्रेय ते अजून घेतात.

याचं मूळ माझ्या लग्नातल्या लोखंडी कपाटात आहे. दाराचं माप भाऊजींनी घरातल्या कापडी टेपनं घेतलं, कपाटाचं दुकानातल्या लोखंडी टेपनं. घरातला टेप पँटच्या खिशात राहून कितीदा तरी धुतला गेला होता आणि आटला होता, हे कपाट दारात अडकल्यावर कळलं. ते कपाट आजही ओसरीत आहे. तेव्हापासून भाऊजींच्या खिशात स्वतःचा स्टीलचा टेप असतो आणि तोंडी एकच वाक्य: "टेप बदलला की दार बदलतंय."

तर सोलापूर. प्रियंकाच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतली पाण्याची जागा जरा रुंद दिसली होती. डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला, त्यात माप आलं साडेदहा मिलिमीटर. दहाच्या आत असतं तर काळजीच नव्हती. काही आठवड्यांनी पुन्हा बघू, वाढलं नसेल तर घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आता ते पहिलं मशीन दुरुस्तीला गेलेलं, म्हणून आम्ही दुसऱ्या सेंटरला आलो होतो. तिथं दारातच रखवालदारानं भाऊजींचा टेप काढून घेतला. आतलं चुंबक लोखंड ओढतं, म्हणाला. टेपाशिवाय भाऊजी चप्पल हरवलेल्या माणसासारखे दिसत होते.

दुपारी रिपोर्ट आला. साडेअकरा.

प्रियंकानं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. अमोल पाणी आणायला म्हणून गेला तो लवकर आलाच नाही. मी उगाच माझी दिवसभराच्या कामांची यादी काढून बघत बसले; तिच्यात पुढं 'डाळिंबं, सुतळी' एवढंच होतं. भाऊजी मात्र उठले आणि सरळ सेंटरच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले. त्यांना आवरायला मी मागोमाग गेले.

"म्याडम," ते म्हणाले, "पयलं माप दुसऱ्या मशीनचं हाय. एका टेपातनं दुसरा टेप वजा करू नका."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"माझं डोकं घ्या. त्ये काय आता वाढायचं न्हाय. दोन्ही मशिनीत घाला, कुठली किती पुढं हाय ते निघंल. पैसं म्या भरतो."

बाई हसल्या, पण चेष्टेनं नाही. म्हणाल्या, "बाबा, तुमचं डोकं निवांत पडून राहील. बाळ आत फिरतंय. कधी फोटो सरळ येतो, कधी तिरका. शिवाय मोजायची रेघ कोण कुठं ओढतं, त्यानंही फरक पडतो. म्हणून तर मी प्रियंकाच्या नवऱ्याला जुनी सीडी आणायला सांगितली होती."

सीडी माझ्याच पर्समध्ये होती, द्यायची राहून गेलेली. बाईंनी दोन्ही फोटो एका पडद्यावर शेजारी लावले, दोन्हींत तीच जागा शोधली आणि स्वतःच्या हातानं रेघा ओढल्या. एवढ्यात प्रियंकाही दारात येऊन उभी राहिली होती. नवीन फोटोत अकरा आलं, जुन्यात अकराला जरासं कमी.

"एवढा फरक मोजण्यातच असतो," बाई म्हणाल्या. "वाढलेलं नाही."

भाऊजींनी विचारलं, यातलं खरं कुठलं? बाई म्हणाल्या, दोन्ही जवळपास खरी.

जवळपास हा शब्द आमच्या घरात कुणी भाऊजींसमोर उच्चारत नाही. कापसाच्या वजनावरून ते एका व्यापाऱ्याशी या शब्दापायी वर्षभर बोलले नव्हते. मी वाट बघत राहिले. ते प्रियंकाकडं वळले आणि म्हणाले, "जवळपास तेवढंच हाय, पोरी. चल, जेवून घे."

बाहेर आल्यावर टेप परत घ्यायचा ते विसरले. रखवालदार जीपपर्यंत धावत आला.

नोव्हेंबरअखेर मुलगी झाली. डोक्याची तपासणी झाली, डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं, फक्त मधून मधून दाखवत राहा म्हणाले. बारशाची सगळी तयारी मी वेळेत उरकली. टोपडं तेवढं शिवायचं होतं, म्हणून काल भाऊजींना बोलावलं आणि डोक्याचं माप घ्या म्हटलं. हवे तर दोन टेप आणा. ते आले, पाळण्याशी बसले, टेप काढला. बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि टेप परत खिशात ठेवला.

"मोजायचं बास झालं, अमोलची आई," ते म्हणाले. "जरा सैलच शिवा."

ते गेल्यावर मी स्वतः माप घ्यायला गेले, तर माझाही हात पुढं होईना. बारसं गुरुवारी आहे आणि फुलाफुलांचं मऊ कापड शिलाई मशीनवर अजून तसंच पडलंय, न कातरलेलं.